फक्त चित्र दिसलं पाहिजे

मुंबईत दोन लाखांचं ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलात तर दुकानदार स्टूल पुसून देतो, चहा सांगतो आणि बॉक्स दोन्ही हातांनी तुमच्यासमोर ठेवतो. साडेतीन हजारांचं मागितलंत तर तो आधी तुमच्या चपलांकडे बघतो. मग विचारतो, "करना क्या है?"

या प्रश्नाला अब्रूने देता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. करायचं काहीच नाही. मॉनिटर काळा पडलाय, तो उजळला पाहिजे. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, गणपतीच्या वर्गणीची पत्रकं आणि दुपारच्या जेवणानंतर एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव, एवढं दिसलं की माझं भागलं. पण इतक्या कमी अपेक्षेचं गिऱ्हाईक बाजाराला संशयास्पद वाटतं. हा माणूस एक तर प्रतिस्पर्ध्याने भाव काढायला पाठवलाय, नाहीतर याला बाहेर ऊन लागलंय आणि आत एसी आहे म्हणून हा आलाय, असं दुकानदार धरून चालतो.

आमचा कॉम्प्युटर २०१० सालचा. विकणाऱ्याने तेव्हा "दस साल देखना नहीं पडेगा" असं सांगितलं होतं. त्याने शब्द पाळला, वर काही वर्षं खुशीने दिली. आत इंटेलचा आय-फाइव्ह ७५० हा प्रोसेसर आहे. २००९चं मॉडेल, अंगाने दणकट, पण त्याच्या पोटात ग्राफिक्स नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या त्याच्या काही धाकट्या भावंडांना ते जन्मतः मिळालं. त्यांचं कार्ड गेलं तर मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डच्या मागे खोचायची, निदान चित्र तरी येतं. आमच्या मदरबोर्डच्या मागे कीबोर्ड, माउस, स्पीकर, इंटरनेट सगळ्यांना जागा आहे, मॉनिटरला नाही. कार्ड गेलं की कॉम्प्युटर आतल्या आत चालतो, आकडेमोड करतो, पण बाहेर काही कळू देत नाही. सोसायटीच्या आजी-माजी खजिनदारांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. मीही त्यांतलाच एक.

कार्ड एकदम गेलं नाही. आधी स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी रेघा आल्या. होळीच्या सुमारास त्या शोभूनही दिसल्या, पण रंगपंचमी उलटली तरी जाईनात. मग एका सकाळी बटण दाबल्यावर मॉनिटर काळाच राहिला आणि कॅबिनेटमधून आधी एक लांब आणि मग दोन आखूड शिट्या आल्या.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी कुकर लावलेला नाहीये हां. शिट्या कुठून येताहेत?"

एक लांब, दोन आखूड म्हणजे बायोसच्या बोलीत "चित्र दाखवायला इथे कोणी नाही." हे मला नंतर कळलं. त्या सकाळी मी फक्त कॅबिनेटला दोन चापट्या मारल्या. आमच्या पिढीने रेडिओपासून टीव्हीपर्यंत सगळं याच उपचारावर जगवलं आहे.

चापटीने भागलं नाही तर दुसरी पायरी खोडरबर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले दुसऱ्या मजल्यावरचे काका शिट्या ऐकूनच वर आले होते. "काही नाही हो," ते म्हणाले, "कार्ड काढायचं, त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासायच्या, फुंकर मारायची, परत बसवायचं. माझ्या नातवाचा असाच चालू केला मी." भारतात कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर पहिला उपचार खोडरबरच असतो. आणि गंमत म्हणजे पट्ट्यांवर मळ धरला असेल तर तो लागूही पडतो; त्यामुळे त्याची कीर्ती कधी कमी होत नाही.

आम्ही कॅबिनेट उघडलं. आत दसरा होता. दरवर्षी खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो आणि हळद-कुंकू, अक्षता, झेंडू हे सगळं हवेच्या जाळीवर वाहतो. जाळीखाली पंखा असतो आणि पंख्याचा धर्म ओढून घेणं हा आहे. इतक्या वर्षांच्या झेंडूच्या पाकळ्या वाळून तळाशी बसल्या होत्या, मदरबोर्ड हळदीने माखला होता आणि ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात तांदळाचा एक दाणा अडकला होता. काका हात जोडून म्हणाले, "तरीच चौदा-पंधरा वर्षं चालला."

कार्ड निघेना. मदरबोर्डच्या खाचेला टोकाशी एक छोटी प्लॅस्टिकची खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण काकांचा हात जोरकस. कट्‌ असा आवाज झाला.

"काही तुटलं का हो?"

"छे. तो आवाज तसाच असतो."

खोडरबर माझ्या शाळकरी काळातला निघाला, त्याने कार्डावर काळे फराटे ओढले. कार्ड परत बसवलं. एक लांब, दोन आखूड. काका म्हणाले, "आता निदान खात्री झाली," आणि चहा पिऊन खाली गेले.

तिसरा उपाय सोसायटीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने सांगितला. कार्डाच्या चिपखालचं डाख काळाने चिरतं; ते ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजलं की वितळून पुन्हा जुळतं, जगभर लोक करतात. जगभर लोक करतात हे खरं आहे. आपापल्या ओव्हनचं पुढे काय करतात हे मात्र कोणी लिहीत नाही. मी हा प्रस्ताव शक्य तितक्या सौम्य शब्दांत घरात मांडला. बायकोने नानकटाईचा ट्रे हातात धरून सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "मीठ किती घालू?"

मुलाला बंगळुरूला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, नवीन लॅपटॉप पाठवतो, पत्ता तोच ना?" मुलांना पगार वाढले की सगळ्या प्रश्नांची उत्तरं कुरिअरने येतात असं वाटू लागतं. मी त्याला समजावलं की सोसायटीची जुनी कागदपत्रं ज्या मराठी फॉन्टात आहेत, त्या सॉफ्टवेअरला मागे एक कुलूप लागतं, बोटभर लांबीचं. ते खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर एक काना उमटवत नाही, आणि ते खोचायचं भोक आताच्या लॅपटॉपला नसतं. तो म्हणाला, "मग सगळं युनिकोडमध्ये घ्या." १९९८पासूनची इतिवृत्तं! ज्या भांडणांवर दोन्ही पक्षांनी सह्या करून पडदा टाकला, ती मी पुन्हा टाइप करत बसायची? मी फोन ठेवला आणि लॅमिंग्टन रोडला जायचं ठरवलं.

डोंबिवलीहून दादर, दादरहून स्लो लोकलने ग्रँट रोड. या रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण सुट्या भागांसाठी येणारा माणूस अजून १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनच्याच नावाने पत्ता विचारतो. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हा थिएटरात 'शोले' लागला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि तिकिटाशिवाय घरी परतलो होतो. सुदैवाने तो पाच वर्षं चालला, त्यामुळे पुढे केव्हातरी मिळालं. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीतही तोच धीर धरायचा, असं मनाशी ठरवून मी पहिल्या दुकानात शिरलो.

"गेमिंग के लिए?"

आता इथे नाही म्हणायला काय हरकत होती? पण दुकानात विशी-पंचविशीतली मुलं उभी होती, सगळ्यांनी वळून बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हां, थोडा थोडा." ज्याने आयुष्यात चौकट-बदामापलीकडे काही खेळलं नाही, त्याने हे बोलायचं! दुकानदाराचा चेहरा उजळला. त्याने जानेवारी २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९०चा बॉक्स काढला. किंमत दोन लाखांच्या वर. त्यात बत्तीस जीबी मेमरी. माझ्या अख्ख्या कॉम्प्युटरात चार आहे. लांबी ३०४ मिलिमीटर, म्हणजे एक फूट. भूक ५७५ वॉट. छताचा साधा पंखा पंचाहत्तर वॉट खातो, तेव्हा हे एक कार्ड म्हणजे साडेसाताहून जास्त पंखे. साडेसाती म्हणतात ती अशी वॉटमध्ये मोजता येते हे मला त्या दिवशी कळलं.

मी चेहरा न बदलता बॉक्स उलटसुलट केला आणि विचारलं, "इससे बडा नहीं आता?"

"अंकल, इससे बडा दुनिया में नहीं है."

"फिर ठीक है, सोचता हूँ," असं म्हणून मी बाहेर पडलो. मुलांनी वाट करून दिली. त्यांतल्या एकाने तर मला "सर" म्हटलं.

पुढच्या दुकानात मी खरं बोललो, तर तिथे मला कोणी भावच देईना. तिसऱ्या ठिकाणी मधला मार्ग काढला. म्हटलं, "ऑफिस का काम है." दुकानदाराने एक मध्यम कार्ड दाखवलं, वर्णाने गोरं, दोन पंख्यांचं. मी घरून टेपने मोजून आणलं होतं; आमच्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्डच्या मागच्या कडेपासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जागा नऊ इंच. कार्ड साडेदहा.

"पिंजरा काट डालो," तो म्हणाला.

"हार्डडिस्क कुठे ठेवू?"

"बाहर."

मग त्याने एसएमपीएसबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, साडेचारशे वॉटचा आहे, लेबलवर लिहिलंय. तो हसला. म्हणाला, त्या काळच्या लोकल एसएमपीएसवरचं लेबल वाचायचं नसतं, एसएमपीएस हातात घेऊन वजन बघायचं. हलका लागला की आत काही नाही. शिवाय मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला फार तर पंचाहत्तर वॉट मिळतात, त्यावर लागले तर एसएमपीएसकडून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर हवी. ती आमच्याकडे नाही. म्हणजे नवा एसएमपीएस. नव्या एसएमपीएसला खाली बसायची सोय असलेलं कॅबिनेट. नव्या कॅबिनेटमध्ये जुना बोर्ड? "शोभा नहीं देगा." बोर्ड नवा तर प्रोसेसर नवा, रॅम नवी. लंगोटी उंदरांनी कुरतडू नये म्हणून मांजर, मांजराला दूध म्हणून गाय आणि गाय सांभाळायला बायको करून बसलेल्या संन्याशाची गोष्ट मला लहानपणी आजीने सांगितली होती. त्या संन्याशाला मी तेव्हा हसलो होतो. इथे कॅल्क्युलेटरवर गाईपर्यंतचा हिशेब एकोणचाळीस हजार झाला आणि माझी मान नकळत होकारार्थी हलायला लागली होती. वाचलो ते फोन आला म्हणून. घरून विचारणा होती की येताना कोथिंबीर आणणार का.

मग वायरचा प्रश्न. माझ्या मॉनिटरला पंधरा टाचण्यांची निळी व्हीजीए वायर आहे. आयबीएमने १९८७मध्ये आणलेला हा प्रकार. एवढी वर्षं टिकलेल्या वस्तूबद्दल माणसाला आदर वाटायला हवा. पण नव्या कार्डांना तो मान्य नाही. एका पोऱ्याने मला छोटं पांढरं कन्व्हर्टर दिलं. त्याच्या चपट्या पात्याभोवती चार टाचण्या होत्या, आणि कार्डावर नेमकी त्यांचीच चार भोकं नव्हती.

"या चार टाचण्या पकडीने मोडल्या तर?"

"तो बैठ जाएगा."

"म्हणजे चालेल?"

"नहीं, बैठ जाएगा."

जुना सिग्नल ज्या टाचण्यांतून येतो त्या याच चार (आणि पातं), आणि नव्या कार्डाने तो सिग्नल सोडलाच आहे, असं त्याने पुढे नीट समजावलं. वीस वर्षांचा मुलगा, तोंडात मावा, आणि विषयाची जाण अशी की मी त्याला वाकून नमस्कार करायचा बाकी होतो. त्याचा मालक तेवढ्यात ओरडला, "टाइम पास मत कर."

सेकंडहँडचा विचार मनात यायलाच हवा होता; तो आला आणि मला एका बोळात घेऊन गेला. तिथे कार्डांचे ढीग होते. कोरोनाच्या काळात लोक ग्राफिक्स कार्डं चालवून इथेरियम नावाचं आभासी चलन खणत होते, तेव्हा साधं कार्डसुद्धा दुकानात दिसत नसे. १५ सप्टेंबर २०२२ला त्या चलनाने आपली पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली आणि रात्रंदिवस राबलेली ती सगळी कार्डं बाजारात उतरली. विकणारा मात्र प्रत्येकाची वेगळी कहाणी सांगत होता. हे एका सीएच्या ऑफिसातलं. हे एका मॅडमचं, त्या फक्त फोटो बघायच्या. हे तर अमेरिकेला गेलेल्या मुलाचं, आईने कधी चालूच केलं नाही.

"मायनिंगचं नाही ना?"

"अंकल, मायनिंग क्या होता है?" असं त्याने विचारलं. मागच्या फळीवर तसलीच बारा कार्डं एका लोखंडी सांगाड्यात ओळीने बांधलेली होती, अजून सोडवायची राहिलेली.

एका कोपऱ्यात जीटीएक्स १०५० टीआय अगदी स्वस्तात होतं. तिथे आलेल्या कॉलेजच्या पोरांपैकी एकाने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. म्हणाला, "काका, नको. २०१०च्या जीटीएस ४५०चं बायोस बदलून त्यावर हे नाव चढवतात. कॉम्प्युटरसुद्धा फसतो." कॉम्प्युटर फसतो हे ऐकून मला जरा बरं वाटलं. फसवणूक ओळखणारं जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर असतं, ते खोट्या कार्डापुढे सरळ 'फेक' असं लिहितं, हेही त्यानेच सांगितलं. पण ते वाचायला आधी चित्र दिसायला हवं.

शेवटी एका जिन्याने वर, मग आणखी एका जिन्याने वर, माळ्यावर बसलेल्या एका दुरुस्तीवाल्याकडे पोचलो. कपाळावर भिंग, समोर सोल्डरिंग गन, मागे देवाचा फोटो आणि त्याला एलईडीची माळ. गेमिंग, ऑफिस, एडिटिंग असलं त्याने काही विचारलंच नाही. मान खाली घालून विचारलं, "डिस्प्ले चाहिए बस?"

एवढ्या भटकंतीत मला ओळखणारा हा पहिला माणूस. मला भरून आलं. त्याने हातातलं काम न थांबवता पायाने एक खोका पुढे सरकवला. त्यात जीटी ७१० होतं. तळहातापेक्षा जरासं मोठं, पंखासुद्धा नाही, नुसती अॅल्युमिनियमची काळी खवली. भूक एकोणीस वॉट, वेगळी वायर नको, आणि मागे निळी, पंधरा भोकांची व्हीजीए. अठराशे रुपये.

"वॉरंटी?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. वॉरंटीचा विषय तिथेच संपला.

"याची मागची पट्टी तर अर्धीच आहे," मी म्हणालो. ते कार्ड बुटक्या कॅबिनेटमधून निघालं होतं आणि पूर्ण उंचीची पट्टी, जिने ते आमच्या कॅबिनेटला स्क्रूने धरलं गेलं असतं, ती हरवली होती.

"पट्टी नहीं है. हिलाने का नहीं."

घरी आल्यावर कळलं की हलवायचं नाही हा सल्ला कार्डापुरता नव्हता. वरून स्क्रू नाही आणि टोकाची खिट्टी काकांनी आधीच मोकळी केलेली, त्यामुळे कोणी जोरात चाललं तरी कार्ड खाचेतून उचकतं. मी ते केबल टायने कॅबिनेटच्या आडव्या पट्टीला बांधलं. काकांनी दोऱ्याची एक जास्तीची गाठ मारली, "टेलिफोन खात्यात आम्ही असंच करायचो," असं सांगून. बटण दाबलं. एकच आखूड शिटी आली आणि चित्र दिसलं.

मी बायकोला हाक मारली. तिने पदराला हात पुसत बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं. "पण हे तर आधीसारखंच दिसतंय."

मुलाला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, ही विंडोज सेव्हन आहे. तिचा सपोर्ट जानेवारी २०२०मध्येच संपला." म्हटलं, "मीही त्याच सुमाराला रिटायर झालो. चालतोय ना?" त्यावर त्याच्याकडून काही आलं नाही, नेटवर्क गेलं असावं.

या सगळ्यातून माझ्या प्रकृतीत एक बिघाड मात्र कायमचा झाला. मला आता माहिती आहे. कोणी नुसतं 'स्लो झालाय' म्हटलं की मी एसएमपीएसच्या वजनापासून सुरुवात करतो. सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला तेव्हाही मी "लेबलवर जाऊ नका" असं बोलून गेलो आणि ते इतिवृत्तात नोंदवलं गेलं. परवा लोकलमध्ये ठाण्याला एक तरुण भलामोठा खोका मांडीवर घेऊन समोर बसला. खोक्यावर ठळक अक्षरांत ७५० वॉट.

मला राहवेना. "कितीला घेतलात?"

"साडेचार हजार."

"७५० पुरेल? आणि उचलून बघितलात का? वजन महत्त्वाचं. आठ पिनांची वायर आहे ना आत? कॅबिनेटमध्ये जागा मोजलीत?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मुंब्रा गेलं, दिवा गेलं. मी त्याला मायनिंगचं सांगितलं, खोट्या बायोसचं सांगितलं, खिट्टी कशी दाबायची ते हाताने करून दाखवलं. डोंबिवली आली तशी त्याने खोका उचलला आणि अदबीने म्हणाला, "काका, मिक्सर आहे हा."

"असू दे," मी म्हणालो. "खोका टाकू नका. वॉरंटीला मागतात."